फुप्फुसाची साक्ष : प्लेगच्या वायुसंसर्गविषयक पुराव्याची समीक्षा

सदाशिव पेठेतील जे थोडे जुने वाडे अद्याप उभे आहेत, त्यांच्याकडे स्थापत्याच्या नव्हे, तर रोगशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. मधला चौक, भोवतालच्या अंधाऱ्या खोल्या, धान्याचे कोठार, मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि वर कौलांचे छप्पर, ही सारी रचना माणसाप्रमाणेच उंदरालाही सोयीची होती. १८९७ साली पुण्यात प्लेगने ठाण मांडले, तेव्हा आधी उंदीर पडतात आणि मग माणसे पडतात, हा क्रम लोकांच्या डोळ्यांपुढे घडत होता. पण ज्यांच्या हाती बंदोबस्त होता, त्यांचे लक्ष घरातील कोंदट हवा, दूषित जमीन, अंथरुणे-पांघरुणे आणि रोग्याचा सहवास यांवर खिळलेले होते. कौले उतरवून ऊन-वारा आत घ्यावा, भिंतींना चुना फासावा, जमिनी उकराव्यात, कपडे जाळावेत, रोग्यास इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांस छावणीत न्यावे, असे हे उपाय होते. लोकमान्य टिळक त्या वेळी याच पेठेतील विंचूरकर वाड्यात राहत असत. साथीत ते शहर सोडून गेले नाहीत, आणि घरझडतीच्या रीतीवर त्यांनी ‘केसरी’तून कडक टीका केली. पुढे २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास सर्वश्रुत आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय तो इतिहास नाही. त्या बंदोबस्ताच्या मुळाशी जे अनुमान होते, त्याची परीक्षा करणे, एवढाच येथील हेतू आहे. प्लेगच्या काही रोग्यांना खोकला येई, रक्तमिश्रित थुंकी पडे, आणि शवविच्छेदनात त्यांची फुप्फुसे घट्ट व रक्ताळलेली आढळत. फुप्फुस हे हवेचे इंद्रिय. ते बिघडले, अर्थात रोग हवेतून आला, असे अनुमान मनास सहज पटते. ते तर्कदृष्ट्या मात्र निराधार आहे. फुप्फुसाची हानी ही रोगाने कोठे घाव घातला याची साक्ष देते. रोग कोणत्या वाटेने आला याची साक्ष ती एकटी देऊ शकत नाही. हे विधान साधे दिसले, तरी ते सिद्ध होण्यास दोन पिढ्या लागल्या, आणि ते विसरल्याची किंमत समाजाने एकाहून अधिक वेळा मोजली आहे.

१

प्रथम फुप्फुसात काय घडते ते पाहू. प्लेगचा जंतू फुप्फुसात दोन प्रकारे पोचतो. पिसू चावली म्हणजे तो त्वचेतून जवळच्या लसिकाग्रंथीत जातो. तेथे गाठ येते. गाठीचा बांध फुटला की जंतू रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर फुप्फुसाच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. हा दुय्यम फुप्फुसदाह होय. याउलट, खोकणाऱ्या रोग्याच्या तोंडातून उडालेले जंतुयुक्त तुषार दुसऱ्याच्या श्वासातून थेट वायुकोशांत गेले, तर गाठ येण्यापूर्वीच फुप्फुस पेटते. हा प्राथमिक फुप्फुसदाह.

दोहोंच्या आरंभीच्या खुणा वेगळ्या असतात. रक्तातून आलेल्या रोगात दाहाची लहान लहान केंद्रे रक्तवाहिन्यांच्या आश्रयाने दोन्ही फुप्फुसांत विखुरलेली आढळतात. श्वासातून आलेल्या रोगात एखाद्या खंडाचा लहानसा भाग आधी बिघडतो. तेथील वायुकोश पातळ द्रवाने भरतात. त्या द्रवात जंतूंचे थवेच्या थवे असतात, पण प्रारंभी शरीराच्या रक्षक पेशी मात्र थोड्या दिसतात. मग रक्तस्राव होतो आणि बिघाड भराभर शेजारच्या भागांत पसरतो. परंतु हा भेद आरंभीच स्पष्ट असतो. दोन-तीन दिवसांनी मृत्यू आल्यावर जे फुप्फुस विच्छेदनाच्या मेजावर येते, त्यात ही केंद्रे पुष्कळदा एकमेकांत मिसळून गेलेली असतात. त्यामुळे शेवटच्या अवस्थेवरून आरंभ ओळखू पाहणाऱ्याने फार जपून बोलले पाहिजे.

अलीकडील काळात उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी या चित्रात मोलाची भर घातली आहे. नाकावाटे जंतू दिलेल्या उंदराच्या फुप्फुसात पहिला सुमारे दीड दिवस जंतू अखंड वाढत असतात, आणि तरीही दाहाची खूण जवळजवळ दिसत नाही. जंतू आपल्या पृष्ठावरील सुईसारख्या यंत्रणेने वायुकोशातील भक्षक पेशींत काही प्रथिने टोचतो. त्यामुळे त्या पेशी जंतूंना गिळेनाशा होतात आणि धोक्याचा इशाराही देत नाहीत. शिवाय या जंतूजवळ एक प्रथिनभंजक द्रव्य असते. शरीर रक्ताच्या तंतूंचे जाळे विणून रोगाला एका जागी कोंडू पाहते, तेच जाळे हे द्रव्य विरघळवते. ते द्रव्य नसलेला जंतू फुप्फुसात तितकासा वाढत नाही, असे दिसून आले आहे. या शांततेनंतर श्वेतपेशींचा जो लोंढा येतो, तो जंतूंप्रमाणे वायुकोशांच्या नाजूक भिंतींचाही नाश करतो. म्हणजे फुप्फुसाची जी हानी आपण पाहतो, तिचा बराच भाग शरीराच्या उशिरा आलेल्या प्रतिकाराचा असतो. उपचारास एक दिवसाचा विलंबही घातक का ठरतो, याचा उलगडा यावरून होतो.

२

आता मार्गाच्या प्रश्नाकडे वळू. १८९४ साली हाँगकाँग येथे यर्सिनने प्लेगचा जंतू शोधला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तेथील पहिल्या रोग्यांचे निदान केले. जंतू ठाऊक होता. वाट ठाऊक नव्हती. १८९८ साली पॉल-लुई सिमोन्द याने कराचीत केलेल्या प्रयोगावरून, उंदराकडून रोग नेणारी पिसू आहे असे प्रतिपादन केले. परंतु त्याच सुमारास हिंदुस्थानात आलेल्या पहिल्या प्लेग कमिशनने रक्तशोषक कीटकांना महत्त्व देण्याचे नाकारले. येथील रोग्यांना बहुधा जांघेत गाठ येते, हे सर्वांना ठाऊक होते. त्यावरून, अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांवरील ओरखड्यांतून जंतू शिरतो, असे मत तेव्हा वजनदार होते. निरीक्षण खरे होते. गाठ जांघेत येते याचा अर्थ जंतू पायाकडून आला, एवढाच. पायाला जमीन लागली की पिसू चावली, हे गाठ सांगू शकत नव्हती. खुणेवरून मार्ग काढण्याचा मोह फुप्फुसापुरता मर्यादित नव्हता, हे या उदाहरणावरून दिसून येईल.

हा गुंता सुटला तो मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत. वाल्डेमार हाफकिन यांनी उभारलेली, आणि १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ही संस्था. १९०५ पासून तेथे नव्या कमिशनच्या संशोधकांनी जे प्रयोग केले, त्यांची मांडणी आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावी अशी आहे. त्यांनी लहान लहान खोल्या बांधल्या आणि त्यांत प्लेगग्रस्त व निरोगी गिनीपिग एकत्र सोडले. ज्या खोल्यांत पिसवा होत्या, तेथे रोग पसरला. ज्या खोल्यांत पिसवांना थारा नव्हता, तेथे निरोगी प्राणी रोग्यांच्या अगदी निकट सहवासात, त्यांच्याच मलमूत्रात वावरत राहिले; तरीही त्यांच्यात साथ उद्भवली नाही. रोगी मातेचे दूध पिणारी पिलेही निरोगी राहिली.

दुसरी प्रयोगमालिका मुंबईच्या प्लेग झालेल्या घरांत करण्यात आली. तेथे गिनीपिग पिंजऱ्यांत ठेवले गेले. काही पिंजऱ्यांना बारीक जाळी होती. हवा आत जाई, पिसू जात नसे. काही पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर टांगले, काही दोन फुटांवर. पिसवेची उडी काही इंचांची असते. जे पिंजरे तिच्या उडीच्या आवाक्यात होते, त्यांतील प्राणी आजारी पडले; जे वर होते किंवा जाळीआड होते, ते वाचले. खोली तीच आणि हवाही तीच. बदलली होती ती फक्त पिसवेची वाट.

या प्रयोगाचे बळ कशात आहे, ते नीट पाहावे. येथे शवविच्छेदनातील खुणेवरून अनुमान काढलेले नाही. संशयित मार्गांपैकी एक बंद करून दुसरा मोकळा ठेवला आहे, आणि मग निकालाची वाट पाहिली आहे. विच्छेदनातील खुणांचा उपयोगही संशोधकांनी केला. पण तो तुलनेसाठी. प्लेगचे अन्न खाऊ घातलेल्या उंदरांत आतड्याजवळच्या ग्रंथी सुजत. साथीत आपोआप मेलेल्या उंदरांत गाठ बहुधा मानेत आढळे. यावरून साथीतील उंदीर अन्नातून रोग घेत नाहीत, एवढे म्हणता आले. खूण बोलकी ठरली, ती तिच्यापुढे ज्ञात मार्गाचे उदाहरण ठेवल्यामुळे.

३

तथापि या प्रयोगांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. परळच्या खोल्यांतील प्राण्यांचा रोग गाठीचा होता. जो प्राणी खोकत नाही, तो हवेत जंतू फार सोडणार नाही. म्हणून या प्रयोगांनी गाठीच्या प्लेगपुरती हवा निर्दोष ठरवली. फुप्फुसाच्या प्लेगविषयी त्यांना फारसे बोलण्याचा अधिकार नव्हता. हिंदुस्थानातील साथींत प्राथमिक फुप्फुसदाहाचे प्रमाण अल्प असल्यामुळे ही मर्यादा येथे फारशी जाणवली नाही. ती जाणवली मांचुरियात.

१९१०-११ च्या हिवाळ्यात तेथे सुमारे साठ हजार माणसे प्लेगने मेली. मुंबईचा धडा गिरवून आलेले तज्ज्ञ उंदीर तपासत राहिले. उंदरांत रोग सापडेना. हार्बिन येथे डॉ. वू लिएन-तेह यांनी शवविच्छेदन केले, फुप्फुसांत जंतू दाखवले, आणि हा रोग माणसाकडून माणसास श्वासातून होतो असे सांगून जाळीच्या कापडाचा मुखपट वापरण्याचा आग्रह धरला. फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांनी मुखपटाशिवाय रोगी तपासले आणि काही दिवसांतच ते त्याच रोगाने मेले. पुढे मुकदेन येथे रिचर्ड स्ट्राँग आणि ऑस्कर टीग यांनी रोग्यांच्या तोंडासमोर पोषक द्रव्याच्या उघड्या तबकड्या धरून तपास केला. शांत श्वासोच्छ्वासात जंतू सहसा पडत नाहीत, खोकल्याबरोबर मात्र पडतात, असे त्यांस आढळले. वू यांचे अनुमान खरे ठरले. परंतु ते केवळ फुप्फुसावरून काढलेले नव्हते, हे विसरता कामा नये. गाठींचा अभाव, उंदरांत रोग नसणे, रोग्याच्या निकटच्यांतच रोग पसरणे, इतक्या गोष्टी त्याच्या पाठीशी होत्या.

याच संदर्भात १९५६ साली इंग्लंडात ड्रुएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर केलेला प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी प्लेगचे जंतू हवेतूनच दिले, पण कणांचा आकार बदलला. सुमारे एक मायक्रॉनचे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी पोचले आणि तेथे दाह झाला. सुमारे दहा-बारा मायक्रॉनचे कण मात्र नाकातच अडले. रोग तेथून शरीरात गेला आणि प्राणी मेले, ते आधी फुप्फुस बिघडून नव्हे, तर जंतू रक्तात भिनून. याचा अर्थ असा की, फुप्फुस बिघडले म्हणून रोग हवेतून आला असे जसे म्हणता येत नाही, तसेच फुप्फुस आधी बिघडले नाही म्हणून रोग हवेतून आला नाही, असेही म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, वायुसंसर्गाच्या साऱ्या वाङ्मयात तर्कशुद्धीच्या दृष्टीने याहून उपयुक्त धडा क्वचितच सापडेल.

४

परळच्या प्रयोगाचा खरा जोडीदार प्लेगच्या अभ्यासात नसून क्षयाच्या अभ्यासात आहे. क्षय श्वासातून होतो, असे पुष्कळांचे मत १८८२ साली कॉखने जंतू दाखवल्यापासून होते. पण धूळ, थुंकी, भांडी, स्पर्श यांतून हवेला वेगळे काढून दाखवणे कोणास साधले नव्हते. अमेरिकेत बाल्टिमोर येथील एका इस्पितळात रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी १९५६ पासून ते साधले. क्षयाच्या सहा खोल्यांतून बाहेर जाणारी हवा त्यांनी नळाने वरच्या मजल्यावरील एका कक्षात नेली. तेथे दीडशेच्या आसपास गिनीपिग होते. रोग्यांशी त्यांचा दुसरा कोणताही संबंध नव्हता. दोन वर्षांत त्यांतील पुष्कळांना क्षय जडला. पुढील प्रयोगात दोन कक्ष केले. एकात जाणारी हवा वाटेत अतिनील किरणांखालून नेली. त्या कक्षातील एकाही प्राण्यास रोग झाला नाही.

परळला जाळीने पिसू अडवली आणि हवा सोडली. बाल्टिमोरला नळाने फक्त हवा सोडली आणि मग तिच्यातील जंतू मारले. मांडणी एकच, निकाल परस्परविरुद्ध, आणि दोन्ही खरे. बाल्टिमोरच्या प्राण्यांच्या फुप्फुसांनी एक अधिक गोष्ट सांगितली. बहुतेकांत रोगाचे मूळ केंद्र एकच होते. म्हणजे एखादाच सूक्ष्म कण वायुकोशात पोचला आणि तेवढ्याने काम झाले. ज्या फुप्फुसाला वाटेविषयी एकट्याने बोलता येत नव्हते, तेच वाट निश्चित झाल्यावर मात्रेविषयी अचूक बोलू लागले.

प्राण्यांच्या साक्षीची आणखी एक मर्यादा येथे नमूद करावी लागते. एकच जंतू निरनिराळ्या प्राण्यांत निरनिराळी हानी करतो. क्षयात गिनीपिगाच्या फुप्फुसात पनीरासारखा कोथ होतो, पण माणसाप्रमाणे पोकळी सहसा पडत नाही. सशात, विशेषतः गुरांच्या क्षयजंतूने, ती पडते. प्रयोगशाळेतील नेहमीच्या उंदरांत बहुधा असा कोथही होत नाही. माणसाच्या क्षयाचा प्रसार मुख्यतः या पोकळीतूनच होतो. तेव्हा गिनीपिग हा हवेतील जंतू पकडण्याचे उत्तम साधन असला, तरी स्वतः रोग पसरवणाऱ्या रोग्याची प्रतिमा म्हणून तो अपुरा आहे. कोणत्या प्रश्नासाठी कोणता प्राणी निवडला, हे न विचारता त्याच्या ऊतींची चित्रे छापणारे निबंध आजही कमी नाहीत.

५

हा सारा ऊहापोह जुन्या पोथ्यांचा नव्हे. १९९४ साली ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले, आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसदाहाची साथ उठली. सुरतेहून लाखो लोक पळाले. दोन ठिकाणच्या दोन प्रकारच्या रोगांत भेद न करता भीती मात्र एकच पसरली. निदानाविषयी दीर्घकाळ वाद चालला. मामल्यात पिसू आणि उंदीर यांचा बंदोबस्त हवा होता. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये मुखपट, अलगीकरण आणि तत्काळ औषध. एकाचे उपाय दुसऱ्यास लावून भागत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत उलट चूक झाली. तो विषाणू जंतूंच्या वर्गातला नव्हे, तरीही दोष तर्काचाच होता. हवेतून प्रसार होत नाही असे मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निःशंकपणे जाहीर केले, लोक पृष्ठभाग पुसत बसले, आणि खिडक्या उघडण्याचे महत्त्व उशिरा कळले. १८९७ साली हवेवर पुराव्याविना आरोप झाला. २०२० साली तिची पुराव्याविना सुटका झाली.

यावरून संशोधकाने आपल्या निबंधास तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. पाहिलेली हानी रोगाच्या कोणत्या अवस्थेतील आहे? अन्य मार्गांनी हीच हानी होऊ शकते काय, आणि ते मार्ग प्रयोगात प्रत्यक्ष बंद केले होते काय? निवडलेला प्राणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास समर्थ आहे काय? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर फुप्फुसाच्या कापाचे चित्र कितीही स्वच्छ असले, तरी त्यावरून लोकांच्या घरादाराविषयी निर्णय घेणे धोक्याचे होय.

निर्णयाचे हे ओझे प्रयोगशाळेत राहत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. पुण्यातील त्या वर्षीच्या घरझडतीत ज्यांच्या माजघरात परकी माणसे शिरली, ज्यांची अंथरुणे जाळली गेली, ज्यांचे रोगी नातेवाईक नजरेआड गेले, त्यांना हे कशासाठी चालले आहे याचे पटणारे कारण कोणी देऊ शकले नाही. कारण ते देणाऱ्याजवळच नव्हते. उकरलेल्या जमिनीतून उंदीर शेजारच्या वाड्यात गेले आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवाही गेल्या. जो प्रयोग या प्रश्नाचा निकाल लावणार होता, त्यास एक बारीक जाळी, काही पिंजरे आणि थोडे गिनीपिग एवढेच साहित्य लागले. ते मुंबईत, पुण्यापासून शंभर-सव्वाशे मैलांवर, तेव्हाही उपलब्ध होते. नव्हता तो फक्त प्रश्न.